काडी परत, पेटी जप्त

गफूरचाचांची आठवण आली की मला आधी राग येतो. तो येऊन गेला की मग बाकीचं येतं. कित्येक वर्षांत हा क्रम बदललेला नाही.

चिखलीत एस.टी. स्टँडसमोर माझं इंटरनेट कॅफेचं दुकान होतं. त्याआधी तिथेच माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, म्हणून गावभर मला मास्तर म्हणायचे. कॅफे केव्हाच बंद झाला, आता तिथे झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्ज चालतं. पण टेबल जुनंच आहे, आणि त्याच्या खणात हात घातला की आजही बोटांना मोकळ्या काड्या लागतात. आगकाड्या. पेटी नाही, नुसत्या काड्या. उदबत्ती लावायची वेळ झाली की सापडतात हटकून त्याच. बायको दर दिवाळीला विचारते, "हे टाकून का देत नाही?" मी तिच्यावरच खेकसतो.

गफूरचाचा बाजार समितीच्या यार्डात हर्रास पुकारायचे. म्हणजे शेतकऱ्याची गाडी लागली की तिच्यावर चढायचं, मूठभर कापूस उपसून सगळ्या व्यापाऱ्यांना दाखवायचा आणि बोली सुरू करायची. आधी ते ज्वारी, तूर आणि सोयाबीनचा पुकारा करत. सरकारी कापूस खरेदीची पकड सैल झाली, खाजगी व्यापारी यार्डात आले, आणि चाचा धान्याच्या ओट्यावरून कापसाच्या गाडीवर चढले. अंगाने किरकोळ, मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. पण आवाज असा की ते यार्डात "एक बार" म्हणाले तर स्टँडवर मेहकरच्या गाडीत बसलेल्या माणसाने मान वळवून पाहावं. हलक्या आवाजात बोलणं हा प्रकार त्यांना येतच नव्हता. दवाखान्यात डॉक्टरला पोटाची तक्रार सांगायचे ती बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळायची, आणि औषध सुचवायला मग सगळेच पुढे यायचे.

कापसाच्या यार्डात आगीची भीती. फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, विडी-काडी आत नेऊ नये. ते कोणी वाचत नसे. म्हणून चाचा हर्रासाच्या आधी फाटकावर उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाचा खिसा चाचपायचे. हे काम त्यांचं नव्हतं, चौकीदाराचं होतं. पेटी सापडली की उघडून सगळ्या काड्या त्या माणसाच्या हातावर ओतायच्या आणि पेटी आपल्या खिशात टाकायची.

"काडी परत, पेटी जप्त," असं ओरडून सांगायचे. "काडी तुमची हाय, तुमी घरी न्या. घासायची बाजू माह्याजोळ राहीन."

यात तर्क होता, नाही असं नाही. पेटीशिवाय काडी पेटत नाही. पण एवढ्याशा नियमासाठी माणसाला ओंजळभर काड्या घेऊन दिवसभर हिंडायला लावायचं, ही पद्धत कोणाला सुचेल? शेतकरी शिव्या घालायचे. हमाल कानामागे काड्या खोचून फिरायचे. आणि चाचा घरी जाऊन पेटीवरचं चित्र पाण्यात भिजवून अलगद काढायचे, वाळवायचे आणि वहीत चिकटवायचे. कारण जप्तीच्या निमित्ताने माणसाला छंद लागला होता. पुढे पुढे आगीसाठी पेटी धरतात की चित्रासाठी, हे सांगता येईनासं झालं. हॉटेलात, लग्नात, मयतीला गेले तरी हात पुढे यायचा. मयतीच्या ठिकाणी तर मी स्वतः त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आहे.

घरी रजियाचाचींचे हाल. "घरातल्याबी पेट्या भिजवते, काड्यांनी बरणी भरली, मास्तर," त्या मला सांगायच्या, "आन् स्टो पेटवाले एक पेटी धड नाई घरात. शेजारी मांगाले जातो मी. लोक काय म्हनतीन?" चाचींचं माहेर रोहिणखेडचं. तिथून येताना त्यांनी वडिलांची एक जुनी काडेपेटी आणली होती, त्यात ते सुरम्याची कांडी ठेवत. त्या पेटीवर मोराचं चित्र होतं आणि छापताना काही तरी गडबड होऊन मोराचा पिसारा उलटा, जमिनीकडे पडला होता. कारखाना केव्हाच बुडालेला. चाचांच्या साऱ्या संग्रहात तीच एक पेटी अख्खी होती. तिचं चित्र त्यांनी कधी भिजवलं नाही. चाचींनी भिजवू दिलं नसतं.

तर हा माणूस माझ्या कॅफेत आला. कोणी तरी त्याला सांगितलं होतं की जगात काडेपेट्या जमवणारे आणखी वेडे आहेत आणि त्यांची एक वेबसाइट आहे. मी शोधून दिली हे माझं कमनशीब. त्या साइटवर नुसती चित्रं नव्हती, ऑनलाइन लिलावही व्हायचा. चाचांनी ते पाहिलं आणि खुर्चीत ताठ बसले.

"हर्रास करून राह्यले, मास्तर! पुकारा कोन करते?"

"कोणी नाही. घड्याळ चालतं. वेळ संपली की ज्याची बोली वरची त्याचा माल."

"मंग तीन बार कोन म्हनते?"

"कोणी म्हणत नाही."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला ते स्वतःच स्क्रीनसमोर "एक बार, दोन बार" असा पुकारा करायचे आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर नोकरीचा अर्ज भरणारी पोरं दचकून चुकीचं बटण दाबायची. पासवर्ड टाकताना तर कहर. एकेक अक्षर मोठ्यांदा म्हणत टाकायचे. मी कानाशी जाऊन सांगायचो, "चाचा, हे गुपित असतं." "हाव हाव," म्हणायचे आणि पुढचं अक्षर आणखी जोरात. समोरच्या रसवंतीवाल्याला चाचांचा पासवर्ड पाठ होता.

एकदा ते एका हत्तीच्या चित्रावर जीव टाकून बसले होते. शेवटची काही मिनिटं उरली आणि साइट गोठली. पान उघडेचना. दुसऱ्या दिवशी कळलं की कोणी तरी खोट्या गिऱ्हाइकांची एवढी गर्दी त्या साइटवर सोडली की खरं गिऱ्हाईक आत शिरूच शकलं नाही, आणि गर्दी करणाऱ्याने स्वतः मात्र वेळेआधी बोली लावून हत्ती स्वस्तात नेला. मी हे समजावलं. चाचांना क्षणात कळलं. "म्हंजे यार्डाच्या फाटकात रिकाम्या गाड्या आडव्या लावल्या," ते म्हणाले. "आपल्याकडं कापूस आला का लावते ना बद्रीशेठ." मग दिवसभर मला त्या साइटवाल्यांना पत्र लिहायला लावलं की फाटक मोकळं होईस्तोवर हर्रास थांबवायचा असतो, एवढंही तुम्हाला कळत नाही का. इंग्रजी माझं, राग त्यांचा.

बद्रीशेठ म्हणजे आमच्याकडचे मोठे कापूस व्यापारी, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचे मालक. त्या मोसमातली त्यांची आणि चाचांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं.

कापसाचं बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा पाकिटासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. फवारणी वाचेल म्हणून लोक खूश होते. बोंडअळी गेली खरी, पण मावा-तुडतुडे आले, पानं लाल पडायला लागली, फवारणी पुन्हा सुरू झाली आणि पाकीट महागाचं ते महागाचंच राहिलं. भाव मात्र सकाळी एक आणि दुपारी दुसरा. माणूस गाडी घेऊन यार्डात रात्र काढायचा आणि सकाळच्या बोलीवर डोळे लावून बसायचा. अशा वेळी व्यापाऱ्याने बोली लावून नंतर अंग काढून घेतलं, तर गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी जाणार आणि दुसऱ्या दिवशी त्या मालाकडे सगळे संशयाने बघणार.

एका सकाळी बद्रीशेठ चहाला गेले होते आणि त्यांच्या ठरलेल्या जागेवर त्यांचा भाचा उभा होता. नवखा. जोशात येऊन त्याने एका गाडीवर चढी बोली लावली. चाचांनी तीन बार केलं. शेठ परत आले, भाव ऐकला आणि भडकले. "मी व्हतो का इथं? पोरगं बोललं ते. त्याले काय समजते कापसातलं? सौदा रद्द करा."

चाचा गाडीवरून खाली उतरले नाहीत. "जागा कोनाची व्हती?"

"जागा माही. पन मी नव्हतो ना."

"तुमच्या जागेवर उभा राहून बोलला. मंग जबान तुमची. गाडी लावा जिनिंगले."

समितीच्या सभापतींपर्यंत गोष्ट गेली. चाचा हटले नाहीत. शेवटी शेठने गाडी घेतली. त्या दिवसापासून यार्डात तसा कायदाच झाला, जागा ज्याची जबान त्याची. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळायचे. शेठ मात्र ते विसरले नाहीत.

आणि त्याच हिवाळ्यात एक दिवस चाचांचा पासवर्ड चालेना.

मी पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. मग रसवंतीवाल्याकडे रागाने पाहिलं, त्याची काही चूक नसताना. बाहेरून त्यांचं पान उघडलं तर उलट्या मोराच्या पेटीचा फोटो, जो चाचांनी केवळ मिरवायला तिथे लावला होता, त्याखाली "विकले गेले" असं इंग्रजीत लिहिलेलं. चाचांच्या नावाने, चाचांच्या खात्यातून. पुढच्या आठवड्यात खुलासा झाला. चोरांनी सगळी साइटच फोडली होती, झाडून सगळ्या सभासदांचे पासवर्ड उचलले होते आणि बऱ्याच जणांच्या नावाने खोटे लिलाव लावून पैसे आपल्या खात्यात वळवले होते. चाचांचा आवाज या गुन्ह्यातून निर्दोष सुटला. साइटवाल्यांनी कळवलं की त्या दिवसांतले सगळे सौदे रद्द समजावेत, सभासदांवर कसलीही जबाबदारी नाही.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. चाचांनी वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं आणि विचारलं, "घेतला कोनं?"

तेवढ्यात मोर घेणाऱ्या बाईंचाही मेल आलाच होता. बेल्जियममधल्या मार्ता नावाच्या बाई. फक्त पक्ष्यांची चित्रं जमवायच्या. पैसे भरून बसल्या होत्या, बँक परत द्यायला तयार नव्हती, आणि अगदी अदबीने विचारत होत्या की मोर निघाला का.

"चोराने फसवलं म्हणून कळवतो त्यांना," मी म्हणालो.

"नको," चाचा म्हणाले. "पत्ता लिहून द्या बाईचा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॅफेतली पोरं उठून बाहेर गेली. अहो, पैसे चोराने नेले, साइट म्हणते सौदा रद्द, बाईसुद्धा समजून घेईल, आणि हा माणूस घरातली एकमेव अख्खी पेटी पार्सल करून फुकट परदेशी पाठवायला निघाला होता!

"भाचा आणि चोर यात काही फरक आहे की नाही?" मी ओरडलो. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं.

"फरक मले कळते, मास्तर. बद्रीशेठलेही कळते." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "पन सकाळी यार्डात काय म्हनला मालूम हाय? सगळ्यायसमोर. काऊन चाचा, म्हने तुमच्या जागेवर कोनी दुसरंच बोलून गेलं? मंग आता जबान कोनाची धरायची? सगळे हासले."

शेठला सांगितलं कोणी? चाचांनीच. आदल्या दिवशी सगळ्या यार्डाला.

"हासू द्या त्यांना," मी म्हणालो.

"हासल्याचं काई नाई. पन म्या आज म्हनलं का तो मी नव्हतो, तं उद्या भाव पडल्यावर तोही म्हनन तो मी नव्हतो. एक म्हनला का बाकीचे शिकतीन. मंग गाडीवाल्यानं कोनाकडं पाहाव? माह्याकडंच पाह्यते ना तो? त्या बाईनं पैसे देल्ले, सौदा झाला. माल देनं हाय."

माझी चीड आणखीच वाढली. मी थेट रजियाचाचींकडे गेलो. पेटी त्यांच्या वडिलांची, त्या तरी अडवतील म्हणून. मोर द्यावा लागणार हे चाचा सकाळीच घरी सांगून आले होते. पदराने चष्मा पुसत बसल्या होत्या.

"अब्बाची एवढीच निशानी व्हती," त्या म्हणाल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवला. "पन नाई देल्ली तं हा मानूस गाडीवर चढनार नाई, मास्तर. वळखते मी. घरात बसून राहीन, आन् मले त्याच्या तोंडाकडं पाहात बसा लागन. त्याच्यापेक्षा मोर गेला तं परवडला."

उठल्या, बांगड्यांचा एक रिकामा डबा काढला, उशीची शिवण उसवून कापूस काढला आणि मोर त्यात स्वतःच्या हाताने गुंडाळून ठेवला. सुरम्याची कांडी तेवढी काढून घेतली. मला वाटलं होतं मी तिथे भांडायला आलो आहे. मी पार्सलवर पत्ता लिहून परत आलो.

पार्सल गेलं. चाचांनी पोस्टाची पावती यार्डात नेऊन बद्रीशेठपुढे धरली आणि ते गाडीवर चढले.

गोष्ट इथे संपली असती तर माझं रक्त कमी आटलं असतं. पण मला राहवलं नाही. मी मार्ताबाईंना सगळं सविस्तर लिहिलं. चोरी, यार्ड, भाचा, उशीचा कापूस, सगळं. महिन्या-दीड महिन्याने पार्सल परत आलं. आत मोर, त्याच डब्यात, त्याच कापसात, आणि बाईंची चार ओळींची चिठ्ठी की ही वस्तू तुमच्या घरची आहे, तिथेच राहू द्या. मी इतका आनंदलो की दुकान उघडं टाकून यार्डाकडे पळालो.

चाचांनी डबा उघडला, मोराकडे पाहिलं, दाढीवरून हात फिरवला. चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

"मास्तर," ते म्हणाले, "विकलेला माल वापस घेते का कोनी?"

त्याच दिवशी त्यांनी तो पुन्हा पोस्टात टाकला. पोस्टमास्तरसुद्धा माझ्याकडे पाहून हसले. मी पंधरा दिवस चाचांशी बोललो नाही. ते रोज यायचे, खुर्चीत बसायचे, नवा पासवर्ड मोठ्यांदा म्हणत टाकायचे आणि माझ्या न बोलण्याकडे त्यांचं लक्षही नसायचं. मार्ताबाईंनी दुसऱ्यांदा मात्र मोर ठेवून घेतला. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं असावं.

नंतर काही मोसम गेले. कापसाची भुकटी आणि एवढ्या वर्षांचा पुकारा घशात बसला, आणि अकोल्याला ऑपरेशन होऊन चाचांचा आवाज गेला. नुसती कुजबुज राहिली. देवाने तरी या माणसाची अशी थट्टा करायला नको होती. समितीने पुकाऱ्याला तरुण माणूस नेमला, तरी चाचा अधूनमधून हट्टाने गाडीवर चढायचे.

असाच एक दिवस. माझ्या मेव्हण्याचा कापूस आला होता, म्हणून मीही यार्डात गेलो होतो. त्याच्या गाडीवर चाचा चढलेले. मी मनात म्हटलं, आटोपलं, आज ऐकू कोणाला येणार? पण त्यांनी मूठभर कापूस वर धरला आणि ओठ हलवले, तसं सगळं यार्ड हळूहळू गप्प झालं. हमालांनी पोती खाली ठेवली. त्यांची कुजबुज ऐकायला व्यापारी गाडीला खेटून उभे राहिले. बोली चढत गेली आणि बद्रीशेठवर थांबली.

"एक बार." नुसता श्वास. "दोन बार."

शेठचा मोबाईल वाजला. त्यांनी कानाला लावला आणि चेहरा उतरला. भाव पडल्याची खबर असणार, दुसरं काय. चाचांनी तिसरं बार म्हटलं. ते मला ऐकू आलं नाही, फक्त ओठ दिसले.

मेव्हण्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. शेठने तोंड उघडलं. त्यांना म्हणता आलं असतं की मला ऐकू आलं नाही. खरंच कोणाला नीट ऐकू आलं नव्हतं. चाचा गाडीवरून त्यांच्याकडे पाहत उभे होते, हातात कापूस तसाच धरून. शेठने मोबाईल खिशात टाकला.

"लावा गाडी जिनिंगले," ते म्हणाले. "बोललो तोच भाव."

चाचा खाली उतरले. मला पाहून हसले. मी त्यांच्याशी काही तरी बोलणार होतो, आयुष्यात एकदा तरी चांगलं बोलणार होतो. पण त्यांनी माझा खिसाच चाचपला. सकाळी उदबत्ती लावून मी पेटी तशीच खिशात टाकली होती. त्यांनी ती काढली, उघडली, सगळ्या काड्या माझ्या तळहातावर ओतल्या, वरचं चित्र उन्हात धरून पाहिलं आणि पेटी घेऊन फाटकाकडे चालू लागले. पाठमोरी जाळीची टोपी गाड्यांमधून जाताना दिसली. त्याच उन्हाळ्यात ते गेले.

पेटी जप्त झाली त्या दिवशी संध्याकाळी दुकानात उदबत्ती लावायची तर हातात नुसत्या काड्या. समोरच्या पानठेल्यावरून पेटी मागून आणावी लागली, आणि चाचांवर मी पुन्हा चिडलो. काड्या तेवढ्या खणात टाकल्या. त्या अजून तिथेच आहेत.